परतीची वाट पुढे

गेलेल्या वाटेने परत येणे आणि फिरून मूळ ठिकाणी येणे, या दोन क्रियांचा शेवट एकाच उंबरठ्याशी होत असला तरी त्यांची जात भिन्न आहे. पहिलीत उत्तरार्ध हा पूर्वार्धाची उजळणी असतो; दुसरीत शेवटचे पाऊलही नवे असते. मराठी मनाला या दुसऱ्या क्रियेची ओढ जुनी. देवळाभोवतीची प्रदक्षिणा, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी होणारी ब्रह्मगिरीची फेरी, नर्मदेची परिक्रमा : अंतरे वेगळी, नेम एकच. निघालो तेथेच यायचे, पण उलट फिरायचे नाही.

आनेकलच्या एका मराठी कापडदुकानदाराने साठीच्या उंबरठ्यावर अशी एक फेरी योजली. आनेकल हे बंगळूरच्या आग्नेयेस, तमिळनाडूच्या सीमेलगत वसलेले तालुक्याचे गाव. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘आनेकल्लु’ म्हणजे आभाळातून पडणारी गारही. पश्चिमेला बन्नेरघट्टाचे जंगल असल्याने हत्ती हा तेथे केवळ नावापुरता उरलेला नाही. 1638 मध्ये बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, त्यानंतरच्या शतकांत या मुलखात मराठी बोलणारी घरे रुजत गेली. या दुकानदाराचे घराणे त्यांपैकी नेमके केव्हा आले, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. घरात मराठी आहे. मात्र तिच्यात कातळाला ‘बंडे’ म्हणतात, ओढ्याला ‘हळ्ळ’. बाजार, शाळा, कचेरी यांची भाषा कन्नड. मुलगा जवळच्याच इलेक्ट्रॉनिक्स सिटीत नोकरीला. वडील मराठीत विचारतात, मुलगा कन्नडमध्ये उत्तर देतो. दोघांनाही दोन्ही कळते, त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही. आई गेल्यापासून मात्र आपल्या पश्चात या घरात मराठी बोलणारे कोणी असणार नाही, ही गोष्ट वडिलांच्या ध्यानात राहू लागली होती.

त्यांचा चालण्याचा सराव मुत्याल मडुवुचा. आनेकलपासून पाचेक किलोमीटरवर असलेल्या या स्थळाचे नाव इंग्रजीत गेले तेव्हा ‘मोत्यांची दरी’ झाले. मुळात ‘मडुवु’ म्हणजे दरी नव्हे, खोल पाणी. पायऱ्यांनी झाडीत उतरावे, धबधब्यापाशी बसावे आणि त्याच पायऱ्यांनी वर यावे. उन्हाळ्यात धार आटते आणि मोत्यांच्या जागी नुसता दगड उरतो. हा दगड फार वृद्ध. बंगळूरच्या लालबागेत त्याच जातीचा जो खडक आहे, त्याला 1975 मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान मिळाला. त्याचे वय तीनशे कोटी वर्षांच्या घरातले. अशा खडकाची धार झिजून गेलेली असते. पाय ठेवला की तो सांभाळून घेतो.

सह्याद्रीचा कातळ तसा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा काळा दगड उभा चिरतो, धारेने तुटतो. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे साम्रद नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारी जमीन अशीच चिरली आहे, तिला सांदण म्हणतात. वरून पाहणाऱ्याला ती दिसतही नाही. आत शिरल्यावर दोन्ही अंगांना दोन-तीनशे फुटांच्या भिंती उभ्या राहतात, काही ठिकाणी दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, आणि ऊन घटकाभर येऊन जाते. पावसाळ्यात ही घळ पाण्याची. माणसाने तेथे हिवाळ्यापासून पुढेच जावे. घळीतून दोराने कडे उतरून खालच्या नदीपात्रात जायचे, धोंड्यांवरून पात्र तुडवायचे, आणि करोली घाटाने चढून पुन्हा साम्रदला यायचे : अशी ती दोन दिवसांची फेरी. मुलाने चित्रफितीत पाहून ती सुचवली होती. वडील ‘येतो’ म्हणाले, याचे त्यालाच नवल वाटले.

वाटाड्या साम्रदचा, पंचविशीतला. त्याला कन्नड येत नव्हते, मुलाचे इंग्रजी तेथे निरुपयोगी होते. पहिल्या पाणवठ्यापाशी वडील दुभाष्याचे काम करू लागले. पाणी मांडीपर्यंत येईल, सॅक डोक्यावर घ्या, हिरव्या दगडावर पाय देऊ नका. थोड्या वेळाने दुभाष्याची गरज उरली नाही. आज्ञा थोड्या होत्या, आणि जीव त्यांच्यावर अवलंबून होता. अशा वेळी कान लवकर शिकतात.

कडे टप्प्याटप्प्याने उतरायचे असतात. पहिला टप्पा उतरल्यावर सर्वांत शेवटी आलेल्या सोबत्याने दोराचे एक टोक सोडून दुसरे ओढले, आणि सरसर आवाज करीत तो सगळा दोर खाली येऊन पडला. पुढच्या कड्याला तोच दोर लागणार होता. वडिलांनी वर पाहिले. उतरलेला कडा आता नुसती भिंत होता.

“बाबा, आता मागं जायची वाट नाही,” वाटाड्या दोराचे वेटोळे करीत सहजपणे म्हणाला. “आता घर पुढूनच.”

पुढच्या टप्प्यावर वडील मध्येच थांबले. पाय कातळाला टेकलेले, अंग मात्र कातळाकडे झुकलेले. उतरणाऱ्याने शरीर मागे, पोकळीकडे टाकले तरच तळवे दगडावर घट्ट बसतात. भीती माणसाला नेमके उलट करायला लावते, म्हणजे दगडाला बिलगायला, आणि मग पाय सुटतात. वाटाड्या वर दोर सांभाळून होता. घळीत आवाज घुमत असल्याने त्याचे शब्द वडिलांपर्यंत पोहोचून फुटत होते. खाली मुलगा उभा होता. त्याने दोनदा कन्नडमध्ये हाक मारली. मग थांबून, सकाळपासून कानावर पडलेले शब्द त्याने जसेच्या तसे उच्चारले : “अप्पा, अंग मागं टाका. पाय फाकवा. दोर सोडत या.”

ते उच्चार साम्रदचे होते, आनेकलचे नव्हेत. वडिलांनी अंग मागे टाकले.

संध्याकाळी नदीपात्रात मुक्काम झाला. कोकणाच्या बाजूचे हे पात्र हिवाळ्यानंतर म्हणजे धोंड्यांची रांग आणि मधूनमधून थांबलेले पाणी. हातपाय धुताना मुलाने एका खोल, काळ्या पाण्याकडे बोट दाखवून विचारले, मडुवुला मराठीत काय म्हणतात. वडिलांना शब्द सुचेना. त्यांच्या मराठीत तो बहुधा कधीच हरवला होता. “डोह,” वाटाड्या म्हणाला. दोघांनीही तो शब्द एकदा म्हणून पाहिला. शिकणाऱ्यांत बाप आणि लेक असा भेद त्या क्षणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी करोलीच्या चढाने वडिलांचा कस पाहिला. घाटवाटा हौसेसाठी झालेल्या नाहीत. कोकण आणि देश यांच्यामध्ये मीठ, धान्य आणि सोयरिका याच वाटांनी चढल्या-उतरल्या, आणि डोक्यावर ओझे असलेला माणूस जेथे श्वास घेई तेथे आजही बसण्यासारखा दगड सापडतो. वडील प्रत्येक दगडावर बसले. मुलाने त्यांची सॅक आपल्या पोटाशी अडकवली होती. बोलायला दम नव्हता, त्यामुळे भाषेचा प्रश्नही उद्भवला नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर एक गोष्ट वाटाड्याने हाताने दाखवली. या धारेच्या पश्चिमेला पडलेले पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. अलीकडे रतनगडाच्या अंगावर पडलेले पाणी प्रवरेतून गोदावरीला आणि तिच्याबरोबर पूर्वेच्या समुद्राला जाते. एकाच ढगातले दोन थेंब वीतभर अंतरावर पडून आयुष्यभर दूर जात राहतात. वडिलांनी हे ऐकून घेतले. आनेकलच्या ओढ्यांचे पाणीही पूर्वेच्याच समुद्राला जाते, एवढे त्यांना माहीत होते.

एका फेरीने घरातली भाषा परतत नाही. आनेकलच्या बसमध्ये बसेपर्यंत मुलगा पुन्हा कन्नडमध्ये बोलू लागला होता, आणि वडिलांनी ते मनाला लावून घेतले नाही. भाषा ही ज्या वाटेने गेली त्याच वाटेने परत येईल अशी आशा बाळगण्यात अर्थ नसतो. त्या वाटेचा दोर कोणीतरी केव्हाच ओढून घेतलेला असतो. ती आलीच तर दुसऱ्या अंगाने येते : परक्या गावच्या उच्चारात, कामाच्या शब्दांत, कोणाच्या तरी जिवाची काळजी करताना. मग ती आजीची राहत नाही. पण चालणाऱ्याच्या तोंडी ती असते, आणि पुढच्या चढापुरती पुरते.