दगडाची उशी

मला संन्यास घ्यायचा आहे, हे मी घरात बरीच वर्षं सांगत आलो आहे. साधारणपणे महिन्यातून दोनदा; पाहुणे आले तर तीनदा. आमची ही शांतपणे म्हणते, "घ्या. जाताना गिरणीतून दळण तेवढं आणून ठेवा."

मागच्या हिवाळ्यात भाच्यानं फ्रान्सहून फोंतने नावाच्या मठाचे फोटो पाठवले. 1118 साली स्थापन झालेला, आणि अजून आमच्या यवतमाळच्या घरापेक्षा धडधाकट! मौन, साधं जेवण, दगडी भिंती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"आपलं वेरूळ काय वाईट आहे?" ही म्हणाली. तिचं अर्धं लक्ष तिकिटाच्या पैशाकडे होतं.

एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत आम्ही छत्रपती संभाजीनगर गाठलं आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ. कैलास लेणं पाहून मंडळी फोटो काढतात आणि उसाच्या रसाकडे वळतात. मी बौद्ध विहारांकडे वळलो. बारावं लेणं तीन मजली, सगळं एकाच डोंगरात कोरलेलं. खाली भिक्षूंच्या खोल्या. दगडाचा पलंग, दगडाचीच उशी. हाच तो एकांत! मी कौतुकानं त्या उशीला हात लावला. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यातला माणूस मी, जन्मभर कापसावर डोकं ठेवलेला. मान आपोआपच दुखायला लागली.

"आणि हे लोक दुपारनंतर जेवत नसत," मी माहिती पुरवली.

"म्हणजे रात्रीचा स्वयंपाक नाही?" संन्यासाच्या कल्पनेत तिनं प्रथमच रस दाखवला.

पुढे पाचव्या लेण्यात मात्र मी थबकलो. सुमारे 117 फूट लांब दालन, आणि मधोमध दगडाचे दोन बुटके, लांबच लांब ओटे, समोरासमोर. कुणी म्हणतात ते जेवणासाठी, कुणी म्हणतात पठणासाठी. मला तर सरळ पंगत दिसली. जग सोडून आलेल्या माणसांनी आधी एकत्र बसण्याची सोय केली होती!

दारव्ह्याच्या घरी आमची पंगत अशीच बसायची. समोर दादा. माझ्या ताटातला पापड त्याच्या ताटात कसा जायचा, हे आईला कधी कळलं नाही. 2014 साली वाटणी झाली. एका विहिरीवरून आम्ही बोलणं सोडलं. त्या विहिरीला उन्हाळ्यात पाणीही नसतं. यवतमाळहून दारव्हा काही फ्रान्स नाही; पण तेव्हापासून मी गेलो नव्हतो.

ही ओट्याच्या टोकाशी उभी होती. काही बोलली नाही. हे तिच्या बाबतीत फोंतनेइतकंच दुर्मीळ.

बाहेर येऊन मी फोन लावला. नंबर पाठ होता, याचा मलाच राग आला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादाचा घाबरलेला आवाज, "काहून बे, कोन गेलं?"

"कोणी नाही. येत्या रविवारी जेवायला येतो म्हणतो."

पुन्हा शांतता. मग तो म्हणाला, "पापड आपापले खाजो."