माळ आणि ग्लोब्युलिन

आषाढात लेकीचे डोळे पहिल्यांदा पिवळे झाले, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. पावसाळ्याचे दिवस, शाळेबाहेरची पाणीपुरी, गल्लीत आधीच दोघांना कावीळ. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे, आपोआप उतरेल." सासूबाईंनी तिच्या ताटातली फोडणी बंद केली, उसाचा रस सुरू केला आणि शेजारच्या गावाहून कावीळीची माळ आणली. काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेली ती माळ आधी डोक्यावर टोपीसारखी बसली, मग रोज थोडी लांबत कपाळावरून गळ्यात आली. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, एवढंच ते. पण पंधरवड्यात डोळेही निवळले. मग माळेला नावं कोण ठेवणार? मीही नाही ठेवली.

दिवाळीत डोळे पुन्हा पिवळे. या वेळी लघवी चहाच्या रंगाची, नाकातून रक्त, आणि अकरा वर्षांची पोर जिना चढताना मध्येच बसायची. सासूबाई म्हणाल्या, "कावीळ उलटली गं." मीही तेच धरून बसले होते. कावीळ म्हटलं की पुढचं काही विचारायचंच नाही, अशी आपली सवय. ते आजाराचं नाव नव्हे, नुसता रंग आहे, हे मला पुण्यात कळलं.

तिथल्या लहान मुलांच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी आधी जुनी फाइल मागितली. एसजीपीटी, बिलिरुबिन हे ठळक छापलेले आकडे सोडून पेन्सिल खालच्या ओळीवर थांबली. अल्ब्युमिन ३.०, ग्लोब्युलिन ५.४. "ताई, हा रिपोर्ट जुलैचा आहे ना?" जुलैचाच होता. ग्लोब्युलिनमध्ये अँटिबॉडीज येतात. साध्या कावीळीत त्या सहसा इतक्या चढत नाहीत. चार महिने तो कागद आमच्या कपाटात माळेशेजारी पडून होता.

मग तपासण्यांची रांग लागली. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई निगेटिव्ह. आयजीजी दुपटीच्या आसपास, एएनए आणि स्मूथ मसल अँटिबॉडी पॉझिटिव्ह. तरी डॉक्टर थांबायला तयार नव्हते. विल्सन नावाच्या आजारात लिव्हरमध्ये तांबं साठतं आणि तो हुबेहूब असाच दिसू शकतो. त्याचं औषध मात्र अगदी वेगळं. म्हणून चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवली, डोळ्याच्या डॉक्टरांनी बुबुळाभोवती कडं आहे का ते पाहिलं. नव्हतं.

बायोप्सीआधी रक्त गोठावं म्हणून व्हिटॅमिन के दिलं. बरगड्यांमधून सुई गेली आणि बाटलीत शेवईएवढा बारीक, तपकिरी तुकडा तरंगायला लागला. लेकीनं विचारलं, "तो परत लावणार का?" रिपोर्ट आला: ऑटोइम्यून हिपॅटायटिस, टाइप १. तिचीच प्रतिकारशक्ती तिच्या लिव्हरवर उलटली होती आणि लिव्हरमध्ये वण पडायला सुरुवात झाली होती. हा आजार मुलींना जास्त होतो. मुलांमध्ये कधी पित्तनलिकाही सोबत सुजतात, म्हणून एमआरसीपी केलं. त्या ठीक निघाल्या. टाइप २ त्याहून लहान वयात गाठतो, असं डॉक्टरांनी ओघात सांगितलं.

उपचार म्हणजे रोज सकाळी दुधानंतर प्रेडनिसोलोन, वजनाच्या किलोमागे दोन मिलिग्रॅम. तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले आणि चेहरा चंद्रासारखा गोल. रात्री दोनला उठून ती शिळी भाकरी खायची आणि भाकरी संपली की रडायची. वर्गात कुणीतरी 'लाडू' म्हटलं, तर दोन दिवस शाळेत गेली नाही. डोस हळूहळू उतरवताना अझाथायोप्रिन सुरू झालं. आपल्याकडच्या काही जणांना ते सोसत नाही, पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. त्यामुळे सुरुवातीला दर आठवड्याला सुई. गोळी मनानं बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी मला नव्हे, सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. शहाणा माणूस! आता गोळीची आठवण त्याच करून देतात. माळेबद्दल मात्र त्या अजून म्हणतात, "पहिल्या खेपेला गुण आलाच होता की." मी वाद घालत नाही. पहिल्या खेपेला मलाही हायसंच वाटलं होतं, आणि रुतून बसलंय ते तेच.

दोन वर्षं झाली. गोळ्या निदान आणखी वर्षभर तरी आहेत; थांबवायच्या आधी कदाचित पुन्हा बायोप्सी.

परवा रिपोर्ट मोबाइलवर आला. लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला, एसजीपीटीच्या पुढे अंगठा सरकवला. "ग्लोब्युलिन ३.३," म्हणाली आणि दप्तर उचलून रिक्षाकडे पळाली.