फुकटच्या कॉफीचं बिल

सकाळचे साडेसहा. मुंबई एअरपोर्ट, टर्मिनल टू. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या टर्मिनलच्या चेक-इन हॉलचं छत मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलंय. पण वर बघायला वेळ कुणाला? सिक्युरिटी आटपली की सगळे सुटतात लाउंजकडे, हातात क्रेडिट कार्ड! किरकोळ रकमेचं स्वाइप, की आत गरमागरम इडली आणि कॉफी. एकदम सही!

माझ्या पुढच्या मुलाला मात्र काउंटरवरूनच परत पाठवलं. "सर, गेल्या तिमाहीत तेवढा खर्च झालेला नाही." बऱ्याच कार्डांवर आता ही अट असते. बिचाऱ्याचा चेहराच पडला.

मला आठवली माझी गोवा ट्रिप. बिल ४० हजार आणि मी भरला फक्त 'मिनिमम ड्यू', दोन हजार. उरलेल्या ३८ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एका महिन्याचे दीड हजाराच्या वर! आणि पॉइंट्स मिळाले ४०० रुपयांचे. शिवाय थकबाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

तेव्हा फंडा सोपा ठेवा. आधी आपला खर्च बघा, मग ऑफर. वार्षिक फी आणि लाउंजची अट नीट वाचा. कार्डावर कॅश काढू नका. ऑटो-पे लावा, पण 'टोटल ड्यू'वर!

पुढच्या वेळी मी दहा मिनिटं लवकर येऊन ते छत बघणार आहे. ते खरंच फुकट आहे.