चंचीला निरोप

खिशात मावेल आणि उघडलं की दहा कामं करील, असं हत्यार म्हटलं की आजच्या पोरांना लाल मुठीचा स्विस चाकू आठवतो. कार्ल एल्सेनर यांनी 1891 मध्ये स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली. आज या चाकूंचे संग्राहक जगभर आहेत, आपल्याकडेही झाले आहेत. पण नांदेड-लातूरच्या खेड्यांत त्या चाकूचं नाव पोचण्याआधीपासून माणसं कमरेला हत्यारांचं बिऱ्हाड घेऊन हिंडत होती. त्या बिऱ्हाडाला चंची म्हणत. ती आता गेली.

जाड कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरीनं बांधायची पिशवी. बहुधा घरातल्याच बाईनं उरल्यासुरल्या कापडातून शिवलेली. एका कप्प्यात पानं, एकात सुपारीची खांडं नि कात, एकात तंबाखू, शिवाय चुन्याची डबी आणि अडकित्ता. पुष्कळांच्या चंचीच्या दोरीला नाहीतर करदोट्याला एक कडी असे आणि तिच्यात चिमटा, कानकोरणं, दातकोरणं ओवलेलं. सगळा बाभळीचा मुलूख. पायात काटा मोडला की बांधावरचा एखादा म्हातारा हाक मारायचा, “पाय हिकडं कर बाळा.” पाय मांडीवर घेऊन तो दातकोरण्याच्या टोकानं कातडी हलकेच उकरायचा, काट्याचं बूड दिसलं की चिमटा लावायचा आणि एका ओढीत काटा बाहेर. मग बिब्ब्याचा चटका. पोराचं रडणं थांबायच्या आत कडी पुन्हा कमरेला गेलेली असायची.

अडकित्ता हे त्यातलं मानाचं हत्यार. मूठ पितळी, पातं पोलादी. चांगला अडकित्ता मिटून उजेडासमोर धरला की पातं आणि खालचा जबडा यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसत नाही. खिळा ढिला झाला तर हातोडीची एक टिचकी, धार गेली तर दगडावर चार हात. त्यासाठी कुणाकडे जावं लागत नसे. सराईत माणूस बोलता बोलता न बघता सुपारी कातरायचा, आणि बोट कधी पात्याखाली गेलं नाही. लातूर अडकित्त्यांसाठी, कुलपांसाठी आणि पितळी सामानासाठी नावाजलेलं. 1917 मध्ये उभ्या राहिलेल्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. आसपासच्या गावांची बाजारहाट तिथलीच.

चंची उघडली की एकट्यानं खायची रीत नव्हती. शेजारी बसलेल्याला, वाटेनं जाणाऱ्याला, कालपर्यंत बांधावरून भांडलेल्यालाही पान पुढं केलं जाई. सोयरीक जुळली की सुपारी फुटायची.

मग पुड्या आल्या. सुपारी कारखान्यातच कातरली जाऊ लागली, चुना-कात-तंबाखू सगळं एका पाकिटात, दातानं फाडायचं आणि तोंडात टाकायचं. अडकित्त्याचं काम तिथंच संपलं. सुपारीचं मला मुळीच कौतुक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये तिला कर्करोगकारक ठरवलं, 2012 मध्ये महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली, आणि तोंड उघडता न येणारी तरुण पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. व्यसन जाऊन हत्यार गेलं असतं तर मी समाधानानं हात जोडले असते. झालं उलटंच. व्यसन राहिलं. गेला तो अडकित्ता, आणि त्याच्याबरोबर पान पुढं करणारा हात.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास दुकानांत कृपाणी मांडलेल्या दिसतात, लहानमोठ्या, झळझळीत. शिखांच्या पाच ककारांत कृपाण आहे, म्हणून ती अंगावर राहिली आणि तिचा बाजारही राहिला. चंचीच्या मागं अशी श्रद्धा नव्हती, नुसती सवय होती.

पुण्यात दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला घेतल्या आणि त्यातून राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. तिथले अडकित्ते पाहावेत: मोर, पोपट, घोडे, एकाहून एक घडण. ज्या वस्तूंना कुणी कलेत धरत नव्हतं, त्या या माणसानं घरोघरून मागून आणल्या, हे त्यांचं मोठेपण. मराठवाड्याला असा एक वेडा हवा होता.

अजून वेळ गेलेली नाही. आजोबांचा अडकित्ता मोडीत घालण्याआधी तो कोणत्या गावचा, कुणी कुठून घेतला, कुणाच्या हातात असायचा, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. पितळ म्हणून अडकित्त्याला निदान किलोचा भाव तरी येतो. चिमट्या-कानकोरण्याच्या कडीला तोही नाही. ट्रंक आवरताना ती सगळ्यांत आधी फेकली जाते. जमवणाऱ्यांनी पहिल्यांदा ती मागून घ्यावी.