झाडांच्या सावलीत उतारवय : बिलोलीच्या शिवारात जमीन पाहताना

निवृत्तीची रक्कम हाती आली की अनेक घरांत एक विचार हमखास डोके वर काढतो : शहरातला धूर आणि गोंगाट पुरे झाला, आता खेड्याकडे झाडी असलेली स्वस्तातली जमीन घ्यावी, दोन खोल्या बांधाव्यात आणि उरलेले आयुष्य निवांत घालवावे. या विचाराला मी भाबडेपणा म्हणणार नाही. रॉजर उलरिच या अभ्यासकाने १९८४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयातील नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. मात्र वाचकहो, ती खिडकी रुग्णालयाची होती. झाडे नजरेसमोर होती आणि परिचारिका हाकेच्या अंतरावर. जमीन पाहताना या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

मांजरेच्या काठी

नांदेडहून नायगाव, नरसी ओलांडून आपण बिलोलीकडे वळता तेव्हा महाराष्ट्राची सीमा जवळ आलेली असते. बालाघाटात उगम पावलेली मांजरा येथे दोन राज्यांची हद्द आखते. पलीकडे तेलंगणातील बोधन. बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दू सहज कानी पडते. नदीलगतची जमीन काळी आणि कसदार. तीत सोयाबीन, कापूस, तूर. उंचवट्यावर मुरमाड माळ. बांधावर कडुलिंब, बाभूळ, चिंच, ओढ्याकाठी शिंदी, शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा तो रूक्ष माळही डोळ्यांत भरतो. याच तालुक्यातील सगरोळी येथे १९५९ मध्ये स्थापन झालेली संस्कृती संवर्धन मंडळ ही संस्था व तिचे कृषी विज्ञान केंद्र आहे. या मातीत कोणती झाडे तगतील, याचा सल्ला अशा केंद्रात जरूर घ्यावा.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा. नांदेड जिल्ह्यातील खरे सागवान जंगल किनवट-माहूरकडे आहे, आणि वन विकत मिळत नसते. आपल्याला मिळते ती झाडे असलेली शेतजमीन. माळाची जमीन स्वस्त असते. तिच्यावर सावली उभी करायला आठ-दहा वर्षे लागतात. पासष्टाव्या वर्षी जमीन घेणाऱ्याने जुनी चिंच किंवा कडुलिंब आधीच उभा असलेला तुकडा निवडावा. घर मात्र मुरमावर बांधावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि भिंतींना तडे देते.

कागद वाचताना

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे येथे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. आपण शेतकरी नसाल, तर परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार पाहावेत. ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास किंवा जमीन इनामी, देवस्थानाची वा वक्फची असल्यास, तेथे स्वस्ताईच्या मोहात पडू नये. तुकडेबंदी कायद्याच्या मर्यादेहून लहान तुकड्याचा व्यवहार टाळावा. वन विभागाची काही नोंद आहे का, हे तलाठ्याकडे विचारावे. साग, मोह, आंबा, चिंच ही झाडे आपल्याच शेतात असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इसाराआधी वकिलाला दिलेली फी ही या व्यवहारातील सर्वांत स्वस्त बाब समजावी.

जमीन आषाढात पाहा

दलाल जमीन दाखवतो ती बहुधा हिवाळ्यात. तेव्हा हवा प्रसन्न आणि वाट कोरडी असते. आपण ती आषाढात पाहावी. डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंतची पाणंद काळ्या मातीची असेल, तर चार दिवसांच्या झडीनंतर तेथे बैलगाडीही रुतते. मग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आत कशी येणार? पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही मेंदूचा सीटी स्कॅन करून. बिलोलीहून नांदेडच्या विष्णुपुरी येथील वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत दीड-दोन तास जातात. त्यात चिखलातला एक तास मिळवा, म्हणजे हिशेब किती ताणला जातो ते उमगेल. माझ्या मते, एकरी भावापेक्षा बारमाही रस्ता महत्त्वाचा.

उन्हाळ्याचीही परीक्षा घ्यावी. वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीर लवकर शुष्क होते. गोळी स्वतःहून बंद करू नये; उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. वीज गेल्यास इन्सुलिन कोठे ठेवणार, हेही ठरवावे. ओल्या मातीच्या माठाचा तात्पुरता उपयोग होतो. जिल्ह्याच्या काही भागांत कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दात आणि हाडे बिघडतात. म्हणून पाणी तपासल्यावाचून सौदा करू नये.

झाडी आली की सापही आले. जमिनीवर झोपू नये. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावते आणि खूण फारशी दिसत नाही. दंश झाल्यास करकचून बांधू नये, जखम चिरू नये. अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पविषावरील लस तेथे मोफत मिळते.

मागे राहणाऱ्याचा विचार

एक प्रश्न घरात फारसा उच्चारला जात नाही. दोघांपैकी एकजण गेल्यावर दुसऱ्याने त्या शेतात एकट्याने राहायचे काय? माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी पतीच्या निधनानंतर मळा सोडला नाही, कारण घर गावालगत होते, शेजारची सून सकाळ-संध्याकाळ डोकावत होती आणि गुढीपाडव्याला ठरलेला सालगडी सहकुटुंब आवारातच राहत होता. झाडांइतकाच हा शेजार त्यांना उपयोगी पडला. म्हणून घर गावठाणाजवळ असावे, जमीन दोघांच्या नावे असावी आणि शहरातील घर विकण्याची घाई करू नये.

शक्य असल्यास आधी गावात भाड्याने राहावे : चैत्र ते आश्विन, म्हणजे एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा. सोबत औषधांची यादी, जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक आणि गाडी चालवू शकणारा एक शेजारी असावा. दसऱ्याला दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना विचारावे की येथे राहावेसे वाटते काय. दोघांचेही उत्तर होकारार्थी आले, तर खुशाल इसार द्यावा.