कान, टाप आणि कॅमेरा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कॅमेरा घेऊन उतरणाऱ्याने आधी घोड्याचे कान बघावेत. ऊन, मागची गर्दी, झूल, गोंडे यांच्याकडे नंतर. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या या गावात दत्तजयंतीला यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. त्यांत गर्दी खेचतो तो मारवाडी. त्याच्या कानांची टोकं आत वळलेली असतात. घोडा चौकस झाला की ती एकमेकांना भिडू पाहतात, कंटाळला की कान बाजूला पडतात, चिडला की मागे चिकटतात. मान कितीही डौलदार असो, कान पडलेले असतील तर अश्वपालक तो फोटो हाती घेऊनही बघत नाही.

म्हणून या कामाला दोन माणसं लागतात. एक कॅमेऱ्यामागे, दुसरा त्याच्या पाठीमागे चंदीची बादली वाजवणारा. बादली वाजली की कान क्षणभर ताठ होतात. चौथ्या-पाचव्या वेळी घोडा आवाज ओळखतो आणि दुर्लक्ष करतो. तोवर फोटो झाला नसेल, तर त्याला मोकळा फिरवून आणणंच शहाणपणाचं.

मारवाडी आणि काठियावाडी यांत नवख्याची गल्लत होते, कारण कान दोघांचेही वळलेले. चेहऱ्याची कड मात्र वेगळी. मारवाडीची नाकाची रेघ सरळ किंवा किंचित फुगीर, काठियावाडीची कपाळाखाली आत दबलेली. ही रेघ समोरून दिसत नाही. तिच्यासाठी नेमकं बाजूला उभं राहावं लागतं, आणि ऊनही तिरपं लागतं. काठियावाडीत शुद्ध काळा रंग आढळत नाही, हे ठाऊक असलेला छायाचित्रकार फोटोखाली जातीचं नाव लिहिताना सावध राहतो.

रंगांचीही परीक्षा असते. गुलाबी कातडीचा पांढरा नुकरा समोर आला की कॅमेरा उजेड कमी करून त्याला राखाडी करतो. काळ्या घोड्यापुढे उलट घडतं, उजेड वाढतो आणि काळ्याचा मातकट तपकिरी होतो. नुकऱ्याला उजेड हाताने वाढवायचा, काळ्याला घटवायचा. अबलखाच्या अंगावर दोन्ही रंग एकत्र, तिथे पांढऱ्या भागातले केस दिसत राहतील एवढं जपावं.

पण या बाजारात फोटोला खरी जबाबदारी आहे ती उंचीची. घोडा इंचांत मोजला जातो, तोही डोक्यापर्यंत नव्हे तर मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत. एकेका इंचाने किंमत हलते, आणि आता सौद्याची बोलणी अनेकदा फोनवर आलेल्या फोटोपासूनच सुरू होतात. जमिनीलगत बसून रुंद लेन्सने टिपलेला मध्यम घोडा फोटोत धिप्पाड होतो. समोरून जवळ गेलं तर डोकं मोठं आणि मागचे पाय बारके दिसतात. प्रामाणिक फोटोसाठी घोडा सपाट जमिनीवर हवा, चारही पाय वेगवेगळे दिसायला हवेत, लेन्स लांब पल्ल्याची हवी आणि कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर. असा फोटो भव्य नसतो. पण शेकडो किलोमीटरवरून येणारा गिऱ्हाईक त्याच्या भरवशावर निघतो, आणि फोटो काढणाऱ्याने हा भरवसा मोडू नये.

मैदानात धावणाऱ्या घोड्यांचं गणित निराळं. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा वाद एडवर्ड मायब्रिजने १८७८ साली कॅलिफोर्नियात एका ओळीत मांडलेल्या कॅमेऱ्यांनी मिटवला. सुटतात, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा रंगवत. आज सेकंदाच्या हजाराव्या भागात तो क्षण कोणालाही पकडता येतो. रेवाल चालीला मात्र ही घाई उपयोगाची नाही. रेवालीत एका बाजूचे पुढचा आणि मागचा पाय जवळजवळ बरोबर उचलले जातात आणि स्वार खोगिरावर उसळत नाही. हातातल्या पेल्यातलं पाणी सांडता कामा नये, असं या चालीचे शौकीन सांगतात. गोठवलेल्या फोटोत ही चाल अवघडलेली वाटते. शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आणून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवला, तर पाय आणि धूळ पुसट होतात आणि स्वाराचं डोकं ठसठशीत राहतं. रेवालीचं सौंदर्य त्या स्थिर डोक्यात आहे.

घोडे नाचवतात त्या रिंगणात मात्र हात आखडता घ्यावा. ढोल जवळ, माणसं त्याहून जवळ, आणि घोड्याला कपाळासमोरचं व शेपटीमागचं दिसत नाही. तिथे शिरून फ्लॅश उडवणं माणसाला आणि जनावराला, दोघांनाही धोक्याचं. उघडा जबडा, मागे चिकटलेले कान, पांढरे दिसणारे डोळे यांना ‘जोश’ म्हणून छापलं जातं. बहुतेकदा ती लगामाची वेदना असते. काटेरी लगामाला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. तोंडातून रक्त येत असलेल्या घोड्याचा फोटो शोभेसाठी वापरू नये, आणि तो आपल्याकडे असेल तर पशुवैद्यकांना दाखवावा.

या झगमगाटात एक घोडा कॅमेऱ्यापुढे जवळजवळ येतच नाही. भीमा खोऱ्यातला भीमथडी. बुटका, काटक, मराठा घोडदळाने वापरलेला आणि आज धनगरांच्या वाड्याचा संसार पाठीवर वाहणारा. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. नोंद झाली, तरी त्याची नीट काढलेली चित्रं थोडीच आहेत, कारण त्याला ना झूल चढते ना घुंगरू. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या आणि पावसाळ्याआधी देशावर परतणाऱ्या धनगरांच्या कळपांबरोबर काही मुक्काम करायला हवेत. ओझं उतरल्यावर प्रत्येक घोडीला मोजपट्टीशेजारी उभं करून समोरून, बाजूने आणि मागून टिपायचं, मग शिंगरं, मग खुरं. तालुका, वय आणि उंची फोटोबरोबर लिहून ठेवायची, आणि एकेक छापील प्रत वाड्यावर पोहोचवायची. सारंगखेड्याच्या यात्रेत कमावलेली नजर वापरायला याहून निकडीचं काम आज महाराष्ट्रात नाही.