पिवळ्या टेस्टची गोष्ट

टेस्टचे रंग तीन. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे फेल आणि तिसरा पिवळा, ज्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. आरस्पेकमध्ये टेस्टचं नुसतं नाव लिहिलं आणि आत काहीच लिहिलं नाही, तर ती पेंडिंग धरली जाते. म्हणजे काय, तर हे तपासायचंय, अजून तपासलेलं नाही.

बऱ्याच जणांना हा पिवळा खुपतो. मग टेस्ट कमेंट करा, नाहीतर सरळ उडवा. रिपोर्ट हिरवागार!

अशा हिरवेपणाची किंमत आम्हा नाशिककरांना २०१० साली कळली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची आधी लॅबमध्ये तपासणी होते, औषधांचे अंश किती राहिलेत ते बघायला. त्या वर्षी इथे पास झालेला माल तिकडे अडकला. त्यात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं, शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात आणि वेलीची वाढ आवरायला वापरतात ते. आपल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं! दिंडोरीकडचे माझे मामा तेव्हा एकच वाक्य बोलायचे, "अरे, कागद तर पास होता."

कागद खोटा नव्हता हो. पण नसलेली टेस्ट कधीच फेल होत नाही. पेंडिंग निदान दिसते तरी!

अर्थात पेंडिंगचं लोणचं घालण्यातही अर्थ नाही. २०१४ साली आलेल्या आरस्पेक ३ पासून एक बरं झालं. आत कोड असलेली पेंडिंग टेस्ट तो चालवून बघतो आणि ती पास झाली तर उलट फेल दाखवतो. काम झालंय बाबा, पाटी काढ! (स्किप लावलं तर मात्र चालवतच नाही.) आम्ही प्रत्येक पेंडिंगसोबत कारण आणि तारीख लिहितो.

गेल्या शुक्रवारी रिलीजच्या वेळी अकरा पिवळ्या होत्या. त्यातली एक ग्राहकाला पैसे परत करण्याची. यादी जशीच्या तशी क्लायंटला पाठवली. फोनवर जरा शांतता... मग तेच म्हणाले, "दहा चालतील, पण रिफंड आठवडाभर बंद ठेवा."

निर्णय त्यांचा, आणि यादी समोर होती म्हणूनच त्यांना तो घेता आला.

असो. सोमवारी सकाळी पहिलं काम रिफंडच्या टेस्टचं.